दुसऱ्या राउंडची घंटा

बुऱ्हाणपुरात भिकन सोनवणे म्हटलं तर बहुतेक जण विचारतील, "कोण, मागाचा मिस्तरी?" बॉक्सिंगचे सर म्हणून ओळखणारा एखादाच निघायचा. भिकनला त्याचं काही वाटत नसे. मागांनी त्याचं घर चालवलं होतं. बॉक्सिंगनं त्याला डाव्या भुवईत एक पांढरी रेघ दिली आणि एक खोड दिली: माणूस समोर आला की आधी त्याचे पाय बघायचे, मग तोंड. लग्नाच्या बोलणीलाही त्यानं सिंधूचे पाय आधी पाहिले, आणि तिच्या मावशीला वाटलं मुलगा लाजरा आहे.

भिकन हे नाव पडलं, कारण त्याच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. हा जगावा म्हणून आईनं पाच घरी पदर पसरून धान्य मागितलं. मागून घेतलेला म्हणून भिकन. बाप बाबुराव मूळचा रावेरकडचा, कागदाच्या गिरणीत लागला आणि गिरणीच्या कॉलनीतच म्हातारा झाला. त्या कॉलनीत कुणा हौशी साहेबानं बॉक्सिंगचा क्लब काढला होता. एकच रिंग आणि घामानं कडक झालेले ग्लोव्ह्ज. कामगारांची पोरं तिथं संध्याकाळी एकमेकांची नाकं फोडत, आणि घरी गेल्यावर आईच्या हातचा मार वेगळा.

भिकन त्यातला बरा निघाला. सतराव्या वर्षी त्याला जबलपूरला खेळायला नेलं. तिथं पहिल्याच राउंडात समोरच्या पोराचं डोकं याच्या भुवईवर आदळलं. मुद्दाम नव्हे; दोन बैल एका गव्हाणीत तोंड घालताना शिंगं लागतात, तसं. रक्त डोळ्यात उतरलं, डॉक्टरनं मान हलवली आणि रेफ्रीनं समोरच्याचा हात वर केला. नियम असा सांगितला गेला की जो पुढं खेळू शकत नाही तो हरला, मग डोकं कुणाचंही लागलेलं असो. भिकन तोवर सरळ सरळ पुढं होता. "मी तर मारत होतो ना," एवढंच तो म्हणत राहिला. पुढं गिरणीची घडी विसकटली, क्लबला कुलूप लागलं, आणि भिकन बुऱ्हाणपुरात येऊन पॉवरलूमवर मिस्तरी झाला.

मागाच्या कामात पहिला धडा असतो तो हात चालवण्याचा नव्हे, हात थांबवण्याचा. ताण्यातला धागा तुटला की माग बंद. आधी गाठ, मग कापड. नव्या कारागिराला भिकन हे ओरडून शिकवी, कारण त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही पोचत नाही. ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा चढलेला, आणि कान थोडे गेलेले.

शनवारा दरवाजाजवळ दत्तात्रय वस्तादांचा आखाडा होता. वस्ताद जुने पहिलवान. तापीकाठच्या कुस्तीच्या दंगलींत त्यांचं नाव होतं, अजूनही कान चुरगळलेले आणि चाल डुलती. आखाड्यात पोरं येईनाशी झाली तेव्हा मागची पत्र्याची शेड त्यांनी भिकनला वापरायला दिली. भाडं नाही, अट नाही. पुढं जिल्ह्याची बॉक्सिंग संघटना काढायचं ठरलं, सचिव व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा वस्तादच सचिव झाले. बॉक्सिंग त्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल तेवढंच. "अरे, दोघं भिडतात, एक पडतो. त्यात काय शिकायचं?" असं ते म्हणत. भिकन हसून सोडून देई. ज्याच्या पत्र्याखाली उभं राहायचं, त्याला कोण शिकवणार?

त्या शेडमध्ये फोपनार गावची योगिता आली. आई मालूबाई केळीच्या कामावर जायची, घड धुणं, पेट्या भरणं. पोरगीही सुट्टीच्या दिवशी घड वाही. घड वाहून वाहून तिची मान आणि खांदे असे झाले होते की पहिल्याच दिवशी भिकननं पायांच्या आधी मान पाहिली.

"सर, मला किसीको मारना नहीं आता," ती म्हणाली.

"मार खायला येतो का?"

"तो घरीच शिकले."

सगळी शेड हसली. भिकनही हसला, आणि तिथून तिची शिकवणी सुरू झाली. फोपनारहून शेअर रिक्षा, सरावानंतर परत शेअर रिक्षा, आणि मधे एक वेळ सिंधूच्या हातची भाकरी. सिंधू घरी मागाच्या कांड्या भरायची, चाक फिरवून त्यांवर सूत गुंडाळायची. हात चाकावर आणि तोंड मोकळं. "खा ग माय," ती म्हणायची, "तुझे सर ठोसा शिकवतात, जेवण काही शिकवत नाहीत." स्वतःला लेकरू नव्हतं. त्यावर सिंधू कधी रडली नाही, पण योगिताच्या ताटात तूप जरा जास्त पडे.

सतरा वर्षांची झाली तेव्हा जिल्ह्याची निवड चाचणी आली. तिच्या वजनात जी फायनल जिंकेल तिला भोपाळच्या क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शाळा, खेळ, सगळं तिथं. जी हरेल ती परत आपल्या गावी. योगितासाठी परत म्हणजे फोपनार आणि डोक्यावर घड. हे तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. भिकनलाही नव्हती, आणि तिथंच त्याचं डोकं फिरलं असं सिंधूचं मत. ते मत चुकीचं म्हणवत नाही.

चाचणीच्या सकाळी सगळ्या प्रशिक्षकांना एकत्र बसवून नियम सांगितले गेले. खंडव्याहून रितेश चौरे नावाचा तरुण रेफ्री आला होता. कोर्स केलेला, पांढरा शर्ट, इस्त्री कडक. वस्ताद खुर्चीवर. भिकननं उभं राहून विचारलं, कारण योगिताच्या समोर देडतलाईची तृप्ती होती, आणि तृप्ती डावखुरी. उजवी आणि डावखुरी समोरासमोर आल्या की पाय पायात येतात आणि डोकी भिडतात, हे त्याच्या भुवईला ठाऊक होतं.

"डोक्याला डोकं लागून जखम झाली आणि बाउट थांबली, तर निकाल कसा?"

रितेशनं तोंड उघडलं, तेवढ्यात वस्तादांनी हात वर केला.

"त्यात काय विचारतो भिकन? रक्त निघालं की सोडवायची."

दंगलीत ही रीतच आहे. रक्त दिसलं की पंच दोघांच्या पाठीवर माती टाकतो आणि कुस्ती सोडवली म्हणतो. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. दोघांना नारळ, दोघांना टाळ्या. वस्तादांचं अख्खं आयुष्य त्या रीतीत गेलेलं.

"पण वस्ताद, इथं एकीलाच पाठवायचंय ना?"

"मग चिठ्ठी टाकू. दुसरा राउंड पुरा झाला असेल तर मोजा पॉइंट. त्याच्या आत थांबली तर चिठ्ठी. न्याय आहे."

भिकननं रितेशकडे पाहिलं. रितेश म्हणाला, "जो नियम में है वही होगा सर, देख लेंगे." तेवढ्यात उद्घाटनाचे पाहुणे आले, हारांची शोधाशोध झाली, माइक शिट्टी मारू लागला आणि बैठक मोडली. नियमात काय आहे हे रितेशनं सांगितलं नाही, भिकननं पुन्हा विचारलं नाही. वस्तादांच्या देखत, वस्तादांनी सांगून झाल्यावर, कालच्या पोराला परत विचारायचं म्हणजे वस्तादांना खोटं पाडायचं. असल्या भिडेनं आपल्याकडे जितकी माणसं मारलीत तितकी तापानंही मारली नसतील.

तर आता भिकनच्या डोक्यात दोन नियम होते. एक जबलपूरचा: जखमी झाली ती हरली. दुसरा वस्तादांचा: दुसऱ्या राउंडची घंटा होण्याआधी थांबली तर चिठ्ठी. तिसरा, जो खरा होता, तो रितेशच्या डोक्यात होता.

फायनल सुरू झाली. पहिल्या राउंडात योगिता सुंदर खेळली. उजवा हात सरळ जात होता, पाय बाहेरच्या बाजूला पडत होते, जसं शिकवलं तसं. तृप्ती दमदार होती पण मागं मागं सरकत होती. राउंड संपता संपता दोघी एकदम आत शिरल्या आणि कवटी गालाच्या हाडावर आदळल्याचा आवाज आला. कान गेलेल्या भिकनलाही तो ऐकू आला. रेफ्रीनं दोघींना दूर केलं, योगिताच्या तोंडाकडे पाहिलं. घंटा झाली.

ती कोपऱ्यात येऊन बसली. डाव्या डोळ्याखाली, हेडगार्डच्या कडेला, बारीक चीर. रक्त फार नव्हतं. पण डोळ्याखालचा भाग भराभर सुजत होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "दो-दो दिख रहे."

"काय?"

"दोन-दोन दिसतंय. तुम्ही पण दोन."

रिंगच्या पलीकडे डॉक्टर खुर्चीवर बसलेला होता. हात वर केला असता तर तो आला असता. भिकननं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग योगिताच्या समोर जाऊन उभा राहिला, डॉक्टरला तिचं तोंड दिसू नये असा. ओला टॉवेल दाबला. हेडगार्डचा पट्टा सैल केला, त्याची गालावरची कड वर ओढली, चीर झाकली गेली.

"दोन दिसतायत ना? मधल्या रिकाम्या जागेत मार," तो म्हणाला. "फक्त घंटेपर्यंत. हा राउंड पुरा कर. डॉक्टरकडे बघू नको. रेफ्रीनं विचारलं तर ठीक म्हण."

"हो सर."

एवढंच झालं. एका घोटभर पाण्याच्या वेळात झालं.

दुसऱ्या राउंडात तृप्तीचा डावा हात चारपाच वेळा त्याच जागी बसला. तिला बिचारीला काय ठाऊक. तिला समोर सुजलेली जागा दिसत होती आणि तिच्या सरांनी तिला तेच शिकवलं होतं. योगिताला डावीकडचं कळतच नव्हतं. तरी ती हलली नाही; ती मान वाकणाऱ्यातली नव्हतीच. घंटा झाली. भिकननं सुटकेचा श्वास सोडला: आता पॉइंट मोजावेच लागतील. मग त्याला वाटलं, आता आणखी एकच तर राउंड आहे. तिसराही झाला. योगिता जिंकली.

वस्तादांनी तिच्या गळ्यात हार घातला. शेडमधल्या पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. सिंधूनं मात्र जवळ जाऊन तिचा गाल पाहिला आणि भिकनला विचारलं, "हिला दाखवलं का कुणाला?"

"सूज आहे. उतरेल."

"तुमची भुवई उतरली होती का सुजेसारखी?"

तो ग्लोव्ह्ज पिशवीत भरू लागला.

सूज उतरली. दोन-दोन दिसणंही कमी झालं. मग डाव्या डोळ्याच्या खालच्या बाजूनं काळं काहीतरी वर चढू लागलं, पाणी भरत जावं तसं. योगितानं हे कुणालाही सांगितलं नाही. भोपाळला वैद्यकीय तपासणी व्हायची होती. डोळ्याचं कळलं तर जागा जाईल, एवढा हिशोब तिला येत होता. सरांनीच शिकवला होता: विचारलं तर ठीक म्हण.

तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरचं मोठं अक्षर वाचायला सांगितलं. योगिता म्हणाली, "कहाँ?"

तिथून इंदूर. ऑपरेशन झालं. पडदा सुटून फार दिवस झाले होते. डोळा राहिला, नजर गेली. टकरीनं गेली की नंतरच्या ठोशांनी, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण पहिल्याच दिवशी तिला थांबवून आणलं असतं तर बहुतेक वाचला असता, हेही त्यांनी सांगितलं. वसतिगृहातली जागा तृप्तीला मिळाली. त्यात तृप्तीचा काही दोष नाही.

संघटनेची बैठक भरली. अशा बैठका काय शोधायला भरतात ते सगळ्यांना माहीत असतं: दोष आपल्या दारात नाही एवढंच. रितेश खंडव्याहून आला होता, इस्त्री तशीच कडक.

"मुझे किसी ने बताया ही नहीं कि उसे डबल दिख रहा है," तो म्हणाला. "बताते तो मैं वहीं रोक देता."

"आणि रोकलं असतं तर?" भिकननं विचारलं. "निकाल?"

"निकाल क्या सर? टक्कर से रुकी तो उसी वक्त तक के पॉइंट गिने जाते हैं. कोई भी राउंड हो." त्यानं जरा थांबून भिकनकडे पाहिलं. "पहला राउंड तीनों जजों ने उसी को दिया था. वो जीती हुई थी."



"सकाळी का नाही बोललास?" वस्ताद रितेशवर खेकसले.

"आपने बोलने कहाँ दिया, वस्तादजी?"

"मी काय चूक बोललो? मी तर म्हणत होतो रक्त निघालं की सोडवा! माझं ऐकलं असतं तर पोरीचा डोळा राहिला असता!"

आणि हे खरं होतं. कुठल्याही कागदावर नसलेला, मातीतला, अडाणी नियम: रक्त दिसलं की सोडवायची. रितेशच्या नियमानं ती जिंकली असती आणि डोळा राहिला असता. वस्तादांच्या नियमानं चिठ्ठी पडली असती, पण डोळा राहिला असता. जबलपूरच्या नियमानं ती हरली असती, पण दोन डोळ्यांनी घरी आली असती. तिन्ही नियम एकमेकांशी भांडत होते आणि तिन्ही एकच सांगत होते की थांब. न थांबण्याचा नियम कुणाचाच नव्हता. तो भिकनचा एकट्याचा होता.

बैठकीत ठराव झाला की यापुढं नियम छापून वाटावेत. सगळ्यांनी चहा घेतला. योगितानं सरांना कोपऱ्यात काय सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही, कारण योगितानं प्रत्येक विचारणाऱ्याला एकच सांगितलं होतं: "मला तेव्हा कळलंच नाही. सरांना नाही सांगितलं."

भिकन घरी आला. सिंधू कांड्या भरत होती. त्यानं चाक हातानं थांबवलं आणि सगळं सांगितलं. टॉवेल, हेडगार्ड, मधल्या रिकाम्या जागेत मार. सिंधू ऐकत राहिली.

"मला काय सांगता?" शेवटी ती म्हणाली. "डोळा माझा गेला का?"

दुसऱ्या दिवशी मागावर न जाता तो फोपनारला गेला. मालूबाई ओट्यावर बसून धान्य पाखडत होती. तिनं त्याला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. ही पद्धत सुटत नाही, समोर कुणीही येवो.

"मालूबाई, एक सांगायचंय."

"सांगा भाऊ."

"तिनं मला सांगितलं होतं. दोन-दोन दिसतंय म्हणून. मी डॉक्टरला बोलावलं नाही. मीच पाठवली तिला."

सूप थांबलं नाही. दोन झटके झाले, तीन झाले.

"मले माहीत हाये," मालूबाई म्हणाली. "पोरगी झोपेत बडबडते. 'घंटा झाली का सर' म्हणते. काहून बडबडते ते आईले समजत नाही का?"

"मग तुम्ही कुणाला..."

"कोनाले सांगू? तुमाले जेलात टाकून डोळा येते का परत?" तिनं सूप खाली ठेवलं. "पन भाऊ, तुमी आता माह्याकडून काही मागू नका. माफी-बिफी काही नाही माह्यापाशी. पानी पेलं ना? बस."

तेवढ्यात योगिता आली. केळीच्या पेट्यांवरून, कपड्यांवर चिकाचे काळे डाग. दारातून येताना डावा खांदा चौकटीला घासला. तिनं तो चोळलासुद्धा नाही, म्हणजे रोजचं झालेलं. भिकनला पाहून तिचा चेहरा उजळला. ते त्याला सहन होईना.

"सर! मी येणारच होते. हात सुटत चाललाय माझा. एक आँखवाले भी खेलते हैं ना? मी मोबाइलवर बघितलं. मी डावीकडे वळून उभी राहीन, गार्ड वर ठेवीन. शनिवारपासून येऊ?"

"नाही, योगिता."

"नुसता सराव. बाउट नको."

"नाही. एक डोळा आहे तो सांभाळायचा. एका डोळ्यानं रिंगमध्ये कुणी उतरवणार नाही, आणि उतरवत असतील तरी मी नाही उतरवणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मान थोडी वळवून, उजव्या डोळ्यात त्याला पुरता आणून. इतक्या महिन्यांत ती त्याच्यावर एकदाही रागावली नव्हती. त्याच्यासाठी ती सगळ्यांशी खोटं बोलली होती आणि ते तिला जड गेलं नव्हतं, कारण तिला वाटत होतं ती आणि सर अजून एकाच बाजूला आहेत.

"आता नाही म्हणता?" ती म्हणाली. "तेव्हा म्हणायचं होतं ना. तेव्हा मी विचारत होते."

भिकन पोत्यावरून उठला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. मी तुम्हाला सांगितलं होतं, आई, मी सरांना सांगितलं होतं!" एवढे महिने दाबून ठेवलेलं ते वाक्य ती ओरडून बोलली, आळीतल्या दोन बाया बाहेर आल्या, आणि मग ती आत निघून गेली. या वेळी उजवा खांदा चौकटीला लागला. ती रडत होती.

मालूबाई उठली. "जा भाऊ आता," ती म्हणाली. "रिक्षा भेटन नाक्यावर."

भिकन अजून मागावर आहे. शेड त्यानं वस्तादांना परत केली. वस्तादांनी कारण विचारलं नाही, आणि आता तिथं पोत्यांची थप्पी लागते. योगिता केळीच्या पेट्या भरते. तिनं मग सगळ्यांना खरं सांगितलं. विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही. बुऱ्हाणपुरात आता भिकन सोनवणेला मिस्तरी म्हणून न ओळखणारेही ओळखतात, योगिताचे सर म्हणून.